यंत्रापुढे सबब चालत नाही

(शालेय रोबोटिक्स संघ विद्यार्थ्याला कसा घडवतो, या विषयावरील व्याख्यानाचा मजकूर)



शाळेच्या सूचनाफलकावर रोबोटिक्स संघाच्या नावनोंदणीची सूचना लागली, की घरोघरी साधारणतः दोन प्रश्न विचारले जातात. यामुळे परीक्षेतील गुणांवर परिणाम तर होणार नाही ना, हा पहिला. पुढे अभियांत्रिकीच्या प्रवेशाला याचा काही उपयोग होईल का, हा दुसरा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मध्यमवर्गीय कुटुंबाला वेळेचा आणि पैशाचा हिशेब ठेवावाच लागतो. परंतु त्याहून मूलभूत असा तिसरा प्रश्न सहसा कुणी विचारीत नाही. या संघात दोन-तीन वर्षे काढल्यावर आपला मुलगा किंवा मुलगी माणूस म्हणून कशी घडेल? आजच्या विवेचनाचा विषय हा तिसरा प्रश्न आहे.

रोबोटिक्स संघ म्हणजे काय, हे प्रथम स्पष्ट व्हावे. आठ-दहा विद्यार्थी एकत्र येतात. स्पर्धेचे आयोजक एक कामगिरी नेमून देतात. आखून दिलेल्या मैदानावर यंत्राने स्वतः मार्ग शोधायचा, वस्तू उचलायची आणि नेमक्या जागी ठेवायची. त्यासाठी कुणी सांगाडा उभा करतो, कुणी मोटारी आणि दंतचक्रे बसवतो, कुणी तारांची जोडणी पाहतो, तर कुणी संगणकावर आज्ञावली लिहितो. या सर्वांची कामे मिळून एकच यंत्र होते, आणि ते एक तर चालते किंवा चालत नाही.

नेहमीचाच एक प्रसंग घ्या. काळ्या रेषेवरून चालायचे यंत्र तिसऱ्या वळणावर डावीकडे भरकटते. काल संध्याकाळी ते उत्तम चालले होते. बॅटरी उतरली असेल, एखाद्या चाकाचा स्क्रू ढिला झाला असेल, खिडकीतून आलेल्या उन्हाने प्रकाश ओळखणारा संवेदक फसला असेल, अथवा आज्ञावलीत अधिकच्या जागी उण्याचे चिन्ह पडले असेल. आज्ञावली लिहिणारा चाकाकडे बोट दाखवतो. चाक बसवणारा आज्ञावलीकडे. थोडा वेळ वाद रंगतो. मग कुणाच्या तरी ध्यानात येते की वादाने यंत्र पुढे सरकत नाही. एकेक शक्यता तपासावी लागते, एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी लागते आणि जे दिसले ते वहीत टिपून ठेवावे लागते. अखेरीस दोष ज्याच्या कामात निघतो, त्याला तो चारचौघांत मान्य करावा लागतो. यंत्राला कुणाचे आडनाव ठाऊक नसते, मागील परीक्षेतील गुण ठाऊक नसतात, वडिलांचा हुद्दाही ठाऊक नसतो. त्याच्यापुढे सबब चालत नाही.

वर्गात चूक म्हणजे लाल शाईची फुली. गुण वजा झाला की विषय संपला. त्यामुळे मूल चूक झाकण्याची कला फार लवकर आत्मसात करते. संघात मात्र चूक दिसल्यानंतरच खरे काम सुरू होते. एमआयटी या ख्यातनाम संस्थेत अध्यापन केलेले गणितज्ञ सेमूर पॅपर्ट (१९२८–२०१६) यांनी १९८० साली प्रसिद्ध झालेल्या 'माइंडस्टॉर्म्स' या ग्रंथात हाच भेद विस्ताराने मांडला. संगणकाची आज्ञावली पहिल्याच प्रयत्नात निर्दोष उतरेल, अशी अपेक्षा कुणी जाणकार धरीत नाही. ती बरोबर की चूक यापेक्षा ती दुरुस्त कशी होईल, हा त्याच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न असतो. पॅपर्ट यांच्या मते स्वतःच्या विचारांकडेही मुलाला याच दृष्टीने पाहता आले, तर शिकण्याची धास्ती निघून जाते. पुढे १९९८ मध्ये लेगो कंपनीने मुलांसाठी रोबोट बनवण्याचा संच बाजारात आणला, तेव्हा त्याला याच ग्रंथाचे नाव देण्यात आले.

त्याच ग्रंथात पॅपर्ट यांनी ब्राझीलमधील सांबा नृत्याच्या शाळांचे उदाहरण दिले आहे. तेथे नवशिके आणि मुरलेले कलावंत एकत्र सराव करतात, लहान-थोर एकमेकांकडून शिकतात. महाराष्ट्राला हे चित्र परके नाही. तालमीतील लाल मातीत वस्तादाच्या नजरेखाली थोरला पैलवान धाकट्याला डाव शिकवतो. गणेशोत्सवापूर्वी ढोलपथकाच्या सरावात शाळकरी पोर आणि नोकरदार गृहस्थ एकाच ठेक्यावर टिपरू धरतात. रोबोटिक्सचा चांगला संघ असाच चालतो. दहावीचा विद्यार्थी सातवीतल्या मुलाच्या हाती पाना देतो, त्याच्याकडून काम करवून घेतो आणि पुढील वर्षी संघ त्याच्या स्वाधीन करतो. दुसऱ्याला शिकवताना आपल्याला किती समजले आहे, याची परीक्षा आपोआप होते.

या प्रकाराला आज जे जागतिक रूप आले आहे, त्याचे बरेचसे श्रेय अमेरिकन संशोधक डीन केमन यांना द्यावे लागेल. वैद्यकीय उपकरणांच्या क्षेत्रात नाव कमावलेल्या केमन यांना एक गोष्ट खटकत असे. तरुण पिढी खेळाडूंना आणि नटनट्यांना डोक्यावर घेते. अभियंता आणि शास्त्रज्ञ मात्र तिच्या गावीही नसतात. उपदेशाने हे बदलणार नाही, हे ओळखून त्यांनी १९८९ साली 'फर्स्ट' या संस्थेची स्थापना केली आणि विज्ञानालाच खेळाच्या सामन्याचे रूप दिले. १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यातील एका शाळेच्या व्यायामशाळेत पहिली स्पर्धा झाली, तेव्हा २८ संघ उतरले होते. आज अनेक देशांतील शाळकरी मुले या संस्थेच्या निरनिराळ्या स्पर्धांत भाग घेतात. त्यांत मुंबईचेही विद्यार्थी असतात.

या स्पर्धेच्या रचनेत एक मार्मिक योजना आहे. मोठ्या मुलांच्या गटात एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला तीन असे सहा रोबोट सुमारे अडीच मिनिटांचा सामना खेळतात. प्राथमिक फेऱ्यांत आपले जोडीदार कोण, हे संघ ठरवीत नाही. आयोजकांचे वेळापत्रक ठरवते. सकाळच्या सामन्यात ज्याच्याविरुद्ध खेळलो, तोच दुपारी आपल्या बाजूला उभा असतो. पुढे अंतिम फेऱ्यांसाठी अग्रस्थानी असलेले संघ आपले सहकारी निवडतात. अशा स्थितीत दुसऱ्याच्या यंत्रात बिघाड झाल्याचा आनंद मानणे मूर्खपणाचे ठरते. स्पर्धास्थळी एखाद्या संघाची मोटार जळाली, तर ध्वनिक्षेपकावरून तशी घोषणा होते आणि प्रतिस्पर्धी संघ आपल्या पेटीतील सुटा भाग घेऊन धावत येतो. एमआयटीतील प्राध्यापक वूडी फ्लॉवर्स (१९४३–२०१९) यांनी या वृत्तीला जे नाव दिले, त्याचा आशय मराठीत 'सौजन्ययुक्त कार्यनिष्ठा' असा सांगता येईल. जिद्दीने झुंजावे, पण प्रतिस्पर्ध्याचा मान आणि गरज विसरू नये. या स्पर्धेतील सर्वोच्च पारितोषिक सामने जिंकणाऱ्या यंत्राला मिळत नाही. ज्या संघाने आपल्या शाळेत आणि गावात विज्ञानाची गोडी सर्वाधिक पसरवली, त्याला ते दिले जाते.

तत्त्वे कानाला गोड लागतात. ती मुलांच्या आयुष्यात कशी उतरतात, हे पाहायचे तर अमेरिकेतील एका गरीब वस्तीत जावे लागेल. ॲरिझोना राज्यातील फिनिक्स शहरात कार्ल हेडन ही सरकारी माध्यमिक शाळा आहे. बहुसंख्य विद्यार्थी मेक्सिकोतून आलेल्या कष्टकरी कुटुंबांतले. २००४ साली तेथील दोन विज्ञानशिक्षकांनी पाण्याखाली चालणाऱ्या रोबोटच्या स्पर्धेसाठी चार मुलांचा संघ उभा केला. एक वाचनात गढलेला हुशार मुलगा. दुसरा गल्लीतील टोळीच्या नादाला लागण्याच्या बेतात असलेला, पण मोटारींची दुरुस्ती पाहत वाढलेला. तिसरा धिप्पाड आणि अबोल. चौथा ऑस्कर वास्केझ. शाळेतील सैनिकी प्रशिक्षणात चमकलेला आणि सैन्यात जाण्याची आकांक्षा बाळगणारा. परंतु अमेरिकेत राहण्याची अधिकृत कागदपत्रे त्याच्याजवळ नसल्याने ती वाट बंद होती. परवान्याविना परदेशात राहण्याचा प्रश्न कायद्याचा आहे आणि तो कायद्यानेच सोडवला पाहिजे. येथे पाहायचे आहे ते एवढेच, की असे चार जण एका कामाभोवती जमले तेव्हा काय घडले.

त्यांच्याजवळ सुमारे ८०० डॉलर होते. नळकामासाठी वापरतात त्या पीव्हीसी पाइपांचा सांगाडा त्यांनी बनवला. जोडणीच्या डिंकाला इतका उग्र दर्प होता, की यंत्राचे नावच 'स्टिंकी', म्हणजे 'दुर्गंध्या', पडले. अडले तेथे त्यांनी या विषयातील तज्ज्ञांना दूरध्वनी करून मार्गदर्शन मिळवले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील आवारात स्पर्धा होती. शालेय गटात उतरण्याऐवजी त्यांनी महाविद्यालये आणि विद्यापीठे असलेला वरचा गट निवडला. शाळांकडून हरण्यापेक्षा विद्यापीठांकडून हरणे कमी लाजिरवाणे, असा त्यांचा साधा हिशेब होता.

सरावाच्या वेळी यंत्राच्या विद्युत मंडलाच्या पेटीत पाणी झिरपू लागले. रात्र जागून मुलांनी तारा नव्याने सोल्डर केल्या. पण गळती पूर्ण थांबेना. मग विचार झाला, की पाणी रोखता येत नसेल तर ते शोषून घ्यावे. स्त्रियांच्या मासिक पाळीच्या काळात वापरल्या जाणाऱ्या शोषक बोळ्यांची कल्पना पुढे आली. त्या विकत आणण्याचे काम टोळीच्या उंबरठ्यावरून परत आलेल्या त्या मुलावर पडले. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला असल्या वस्तूची चौकशी करताना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे वाटले असेल. पण तो दुकानात गेला, एका अनोळखी बाईंना विचारून योग्य वस्तू घेऊन आला, आणि पेटी कोरडी राहिली. संघासाठी संकोच बाजूला ठेवण्याचा हा धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडणार नाही.

या स्पर्धेत पाण्यातील कामगिरीबरोबरच लेखी अहवाल आणि परीक्षकांपुढील तोंडी परीक्षा यांनाही गुण होते. जे बनवले ते का बनवले, दुसरा मार्ग का सोडला, यंत्राचा प्रत्येक भाग कसा काम करतो, याची उत्तरे चौघांनाही द्यावी लागली. इंग्रजी ज्यांच्या घरची भाषा नव्हती, त्या मुलांनी ती दिली. निकाल लागला तेव्हा पहिला क्रमांक कार्ल हेडन शाळेचा होता आणि दुसरा एमआयटीचा. तांत्रिक लेखनाचे पारितोषिकही याच मुलांना मिळाले. पुढे या घटनेवर पुस्तक निघाले आणि २०१५ मध्ये 'स्पेअर पार्ट्स' हा चित्रपटही आला.

चित्रपट विजयाच्या टाळ्यांवर संपला तरी चालते. आयुष्य तेथे संपत नाही. चौघांपैकी हुशार म्हणून ओळखला जाणारा मुलगा विद्यापीठात गेला. परंतु २००६ मध्ये ॲरिझोनात मतदारांनी संमत केलेल्या नियमानुसार कागदपत्रे नसलेल्यांना अधिक शुल्क पडू लागले, आणि त्याला शिक्षण सोडावे लागले. दोघे स्वयंपाकाच्या व्यवसायात स्थिरावले. ऑस्कर वास्केझने २००९ मध्ये यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि त्याच वर्षी एक कठीण निर्णय केला. आपली स्थिती कायदेशीर करून घेण्यासाठी पत्नी आणि तान्ह्या मुलीला मागे ठेवून तो स्वतः होऊन मेक्सिकोत परतला. पुढील वर्षी रीतसर परवाना मिळवून तो अमेरिकेत आला, सैन्यात दाखल झाला आणि अफगाणिस्तानात त्याने सेवा बजावली.

या चौघांच्या कहाणीवरून कुणी म्हणेल, संघात गेल्याने सर्वांचे भाग्य कोठे उजळले? हा आक्षेप टाळता येणार नाही. रोबोटिक्स संघ नोकरीची हमी देत नाही, प्रवेशाचीही नाही. ज्या पालकांना तशी हमी हवी आहे, त्यांची निराशा होण्याचा संभव आहे. संघ देतो ती गोष्ट वेगळी. जी पेटी गळते आहे ती गळते आहे, हे आधी मान्य करायचे आणि मग रात्र थोडी असली तरी कामाला लागायचे, ही सवय तो लावतो. ऑस्करने आपल्या आयुष्यातील दोषही असाच आधी मान्य केला आणि मग, किंमत मोजून, तो दुरुस्त केला.

अमेरिकेतील ब्रँडाइस विद्यापीठाने 'फर्स्ट'च्या उपक्रमांत भाग घेणाऱ्या विद्यार्थ्यांचा अनेक वर्षे पाठपुरावा करून, भाग न घेतलेल्या विद्यार्थ्यांशी त्यांची तुलना केली. सहभागी विद्यार्थ्यांत विज्ञान-तंत्रज्ञानाची ओढ अधिक टिकून राहिल्याचे दिसले, आणि हा परिणाम मुलींमध्ये अधिक ठळक होता. याचे कारण समजणे अवघड नाही. 'हे मुलींचे काम नव्हे' असे वाक्य घरात, नात्यात, कधी शाळेतही कानावर पडत असते. स्वतःच्या हाताने जोडलेली मोटार फिरताना एकदा पाहिली, की त्या वाक्याचा प्रभाव ओसरतो.

भारतात ही संधी आता मोठ्या शहरांतील महागड्या शाळांपुरती उरलेली नाही. नीती आयोगाच्या 'अटल इनोव्हेशन मिशन'ने २०१६ पासून शाळाशाळांत 'अटल टिंकरिंग लॅब' उभारण्यास आरंभ केला. इयत्ता ६ वी ते १२ वीच्या मुलांसाठी असलेल्या या प्रयोगशाळांकरिता शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद झाली आणि सुमारे १० हजार शाळांत त्या सुरू झाल्या. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढील ५ वर्षांत सरकारी शाळांत अशा ५० हजार प्रयोगशाळा उभारण्याची घोषणा करण्यात आली. त्रिमितीय मुद्रक, संवेदक, मोटारी, छोटे संगणकीय फलक ही सामग्री आता तालुक्याच्या गावातील मुलाच्याही हाती पडू शकते.

मात्र सामग्री आली म्हणजे संस्कार आला असे होत नाही. येथे दोन धोके स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजेत. पहिला धोका कुलुपाचा. महागडे साहित्य बिघडेल या भीतीने प्रयोगशाळा बंद राहते आणि पाहुणे आले की उघडते. ज्या प्रयोगशाळेत वर्षभरात एकही मोटार जळाली नाही, तेथे मुले काही शिकली असतील याची शंका घ्यावी.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. शाळेला पारितोषिक हवे असते, पालकांना छायाचित्र हवे असते, म्हणून बाहेरचा प्रशिक्षक यंत्र बनवून देतो आणि मूल ते मैदानावर ठेवून कळ दाबते. परीक्षकाने 'ही मोटार का निवडली?' असे विचारले, की ते प्रशिक्षकाच्या तोंडाकडे पाहते. असे पारितोषिक घेऊन घरी आलेल्या मुलाला एक गोष्ट पक्की समजलेली असते, की काम दुसऱ्याचे आणि नाव आपले हा व्यवहार वडीलधाऱ्यांना मान्य आहे. ज्या संघाने प्रामाणिकपणा शिकवायचा, तोच अप्रामाणिकपणाची शाळा बनतो. २००४ मध्ये सुरू झालेल्या आणि २०१६ साली भारतात भरलेल्या 'वर्ल्ड रोबोट ऑलिंपियाड'मध्ये अनेक वर्षे असा नियम होता, की स्पर्धेच्या दिवशी यंत्राचे सर्व भाग सुटे करून आणायचे, आणि प्रशिक्षकाला बाहेर ठेवून मुलांनी ते तेथेच जोडायचे. शिवाय ऐनवेळी एखादी नवी अट जाहीर होई. प्रत्येक शाळेने सरावाच्या वेळी हा नियम स्वतःहून पाळावा. आपल्या संघाने खरे काय कमावले आहे, ते तासाभरात उघड होईल.

संघनिवडीचाही विचार व्हायला हवा. पहिल्या दहा क्रमांकांची मुले उचलून संघ बनवणे सोयीचे असते. परंतु कार्ल हेडन शाळेच्या संघात एकटा हुशार मुलगा पुरला नसता. मोटारीच्या दुरुस्तीत हात काळे केलेला, अवघड वेळी शांत राहणारा, चौघांना एकत्र बांधणारा, या सर्वांची तेथे गरज होती. आपल्याकडेही गॅरेजवाल्याचा मुलगा, शेतातील पंप उघडून पाहणारी मुलगी, चित्रकलेच्या वहीत यंत्रे काढणारा मागच्या बाकावरचा विद्यार्थी असतो. त्यांच्या अंगच्या गुणांना गुणपत्रिकेत रकाना नाही. संघात मात्र त्यांच्यावाचून अडते, आणि आपल्यावाचून अडते ही जाणीव कित्येक मुलांना शाळेत प्रथमच होते.

हात आणि बुद्धी यांची फारकत ही आपल्या पांढरपेशा समाजाची जुनी व्याधी आहे. मुंबईच्या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर नोकरी सोडून बेळगावात सायकलींच्या व्यवसायात उतरले आणि १९१० साली औंध संस्थानातील माळरानावर त्यांनी कारखाना काढला. त्यांचा लोखंडी नांगर प्रारंभी शेतकरी घेईनात. लोखंडाने जमीन विषारी होते असा समज होता. नांगर पडून राहिले, पण लक्ष्मणरावांनी काम सोडले नाही. महाराष्ट्रातील यंत्रोद्योगाचा पाया अशा चिकाटीने घातला गेला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने इयत्ता ६ वी ते ८ वीच्या काळात मुलांनी १० दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांच्या सहवासात काढावेत असे सुचवले आहे. रोबोटिक्स संघ आणि सुताराचा रंधा यांत म्हणूनच अंतर मानू नये.

दरवर्षी खंडेनवमीला घराघरांत हत्यारांची पूजा होते. पाना, पक्कड, हातोडी पाटावर मांडून त्यांना हळद-कुंकू वाहिले जाते. दुसऱ्या दिवशी मुलाने तीच पक्कड हातात घेतली, की 'ठेव ते, अभ्यासाला बस' असे त्याला सांगितले जाते. या विसंगतीचा विचार प्रत्येक घराने करावा. संघातून संध्याकाळी उशिरा परतलेल्या, बोटांना काळे डाग पडलेल्या मुलाला 'कितवा क्रमांक आला?' असे विचारण्याआधी, 'आज काय बिघडले आणि ते कुणी शोधून काढले?' असे विचारावे. त्या उत्तरात आपल्या चुकीची कबुली असेल, सोबत्याचे कौतुक असेल आणि उद्या काय करून पाहायचे याचा बेत असेल, तर पालकांनी निश्चिंत राहावे. मूल योग्य वाटेवर आहे.